मामांचं लिव्हर आणि शपथेचं सरबत

अन्याय झाला तो माझ्या मामांवर. सत्त्याऐंशी सालच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात, पडद्याच्या आतल्या बाजूला. पडदा फुलाफुलांचा होता आणि जमिनीपासून हातभर वर होता. आतलं सगळं बोलणं बाहेरच्या बाकावर स्वच्छ ऐकू यायचं. बाकावरची माणसं त्यासाठी आपला खोकलासुद्धा आवरून धरायची. दवाखान्यात येऊन खोकला आवरणारी माणसं मी तिथेच पाहिली.

आत डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती घेता?"

मामा म्हणाले, "थेंब नाही."

"सगळे असंच म्हणतात. लिव्हर खोटं बोलत नाही. दारू सोडा, नाहीतर कावीळ होऊन जाल."

मी मामांच्या शेजारी उभी होते, म्हणून हे अक्षर न् अक्षर सांगू शकते. मामांचा सोमवारचा उपास होता. सकाळपासून पोटात दोन वेलची केळी आणि वाटीभर साबुदाणा, एवढंच. अशा माणसाला, श्रावणी सोमवारी, भर अकरा वाजता दारुडा ठरवलं गेलं. आणि हा माणूस कोण? आमच्या गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष.

डॉक्टरांचं नाव मी इथे छापणार होते. मामांनी हात जोडून नको म्हटलं, म्हणून कुणाचंच नाव छापत नाही. मामांचंही नाही. गावाचंही नाही. खाडीकाठचं एक गाव, एवढं पुरे. ज्यांनी ऐकलं त्यांना सगळं ठाऊक आहे.

मामांबद्दल थोडं सांगायला हवं. ते मालवाहू बोटीवर खलाशी होते. अख्खी उमेद समुद्रावर गेली. दुनियेतल्या बंदरांत उतरले, आणि प्रत्येक बंदरात सोबतचे लोक दारूच्या दुकानात शिरले की मामा बाहेर पायरीवर बसून त्यांच्या चपला आणि पाकिटं सांभाळायचे. हे ते स्वतः अभिमानाने सांगत. त्यांच्या वडिलांना दारूनं नेलं होतं, त्यामुळे त्यांना त्या वासाचीच शिसारी होती. पण गावात ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही. बोटीवर राहून प्यायला नाही म्हणजे विहिरीत राहून भिजला नाही, असं लोक तोंडावर म्हणायचे. मामा हसायचे. त्यांना तेव्हा हसायला परवडत होतं.

नोकरी संपवून गावी आले ते ऐंशी सालच्या आसपास. खाडीच्या वरच्या अंगाला, काजीच्या राईत, तेव्हा एक हातभट्टी चालायची. चिरेखाणीवरचे गडी, होडीवाले, मे महिन्यात आणि गणपतीला आलेले मुंबईकर, सगळ्यांची पावलं संध्याकाळी तिकडे वळायची. मामांनी गावातल्या बायकांना हाताशी धरून समिती काढली. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात होते आणि एका युवक संघटनेसाठी स्टेन्सिल कापून पत्रकं काढायला शिकले होते. महागाईवर काढली, हुंड्यावर काढली, एसटीच्या फेऱ्यांवर काढली. दारूवर काढायची संधी चालून आली, ती मी सोडली नाही. समितीची सगळी पत्रकं माझी. भट्टी बंद पडली त्यात माझ्या पत्रकांचा वाटा मोठा होता असं मी म्हणते. मामी म्हणतात, बायकांनी लाटणी घेऊन मडकी फोडली त्याचा वाटा मोठा होता. हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे.

भट्टी फोडणं सोपं होतं. पिणाऱ्यांचं काय करायचं? इथे मामांनी जी युक्ती काढली ती दुसऱ्या कुठल्या गावात मी ऐकलेली नाही.

मामांचं म्हणणं असं, की पिणाऱ्याला दारूपेक्षा दिवेलागणीची वेळ वाईट. हात रिकामा असतो, समोर कुणी बसायला नसतं. तेव्हा सोडणाऱ्याच्या हातात दुसरा पेला द्यायचा आणि समोर स्वतः बसायचं. म्हणून शपथ अशी ठरली: दारू सोडणाऱ्यानं आपल्या घरच्या ओटीवर, घरच्या माणसांसमोर, कोकमाच्या सरबताचा पेला प्यायचा, आणि अध्यक्षांनी त्याच्याबरोबर एक प्यायचा. त्याच्यानंतर रोज दिवेलागणीला अध्यक्ष फेरी काढणार. ज्यानं सोडली त्याच्या ओटीवर दहा मिनिटं टेकणार, एक पेला त्याच्यासोबत घेणार, पुढच्या घरी जाणार. माणूस एकटा पडता कामा नये.

आमच्याकडे कोकमाचं सरबत कसं करतात ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर दाबून भरायची, आणि बरणीत थरावर थर रचून उन्हात ठेवायचं. आठवड्याभरात बरणीत नुसता लालभडक पाक. पाणी घातलं की सरबत. ज्या घरची बरणी गोड त्या घरची बाई हाताची सढळ, असा हिशेब. बरं, अध्यक्ष घरी आलेत, नवऱ्याची दारू सुटली आहे, घरात पहिल्यांदा संध्याकाळी भांडी आपटायचा आवाज येत नाही. अशा वेळी ती बाई पाक पळी मोजून घालील? ती बरणीच ओतायची.

आणि मामा नको म्हणत नसत. नको म्हटलं तर त्या घराला वाटायचं, आपल्यात खोट काढली. एका घरी थांबून दुसऱ्या घरी न थांबणं तर त्याहून वाईट. शिवाय मामांना गोड आवडायचं. बोटीवर तीस वर्षं दुसऱ्याच्या हातचं खाल्लेला माणूस, गावात दारोदार बोलावणं. सोडणारे वाढत गेले तशी फेरी लांबत गेली. मामांचं पोटही वाढत गेलं. आम्हाला ते समितीच्या यशाचं लक्षण वाटायचं. एकट्या मामी कुरकुरायच्या: घरी चहात साखर कमी घाला म्हणून मला शिकवतात आणि गावभर पाक ओरपत हिंडतात.

सत्त्याऐंशीच्या आषाढात एका सकाळी मामांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. सुजला म्हणजे वांग्यासारखा झाला, रंगासकट. पांघरुणाचा स्पर्श झाला तरी कळवळायचे. मामींनी लेप लावले, शेक दिला, दृष्ट काढली. उतरला आणि श्रावणात परत आला. मग मी त्यांना रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी रक्त काढायला लावलं. त्यात यूरिक ॲसिड वाढलेलं निघालं. पोट दाबून बघितलं तर लिव्हर हाताला लागलं. म्हणून कोल्हापूरला पाठवलं. तिथे सोनोग्राफीचं यंत्र नवीन आलं होतं. पोटावर गार चिकट मलम फासून टीव्हीत बघायचं. मामांना गंमत वाटली. त्या टीव्हीत त्यांच्या लिव्हरवर चरबी दिसली. तो कागद घेऊन आम्ही परत आलो तो हा श्रावणातला सोमवार.

आता बाकाकडे वळू. बाकावर आमच्या गावचा एक गृहस्थ बसला होता. कोण? ज्याची भट्टी आम्ही फोडली त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याला गळू झालं होतं. त्यानं ते गळू तसंच ठेवलं, नंबर सोडला आणि साडेअकराची एसटी गाठली. आम्ही अंगठ्यापायी लंगडत स्टँडवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती. पुढची गाडी दुपारी. आम्ही गावात उतरलो तेव्हा मामांचं लिव्हर आमच्याआधी पोचून, जेवून, पारावर जाऊन बसलेलं होतं.

गाव न्यायाला बसलं की पुरावे कसे जमवतं ते मी त्या आठवड्यात पाहिलं. अध्यक्ष हल्ली झोकांड्या खात चालतात. (अंगठा.) अध्यक्षांचं पोट सुटलंय. (पाक.) अध्यक्ष रोज संध्याकाळी पिणाऱ्यांच्यातच जाऊन बसतात. (समितीचं काम, गाढवांनो.) त्यांच्या हातात रोज लाल पेला असतो, त्यात काय असतं कुणी पाहिलंय? आणि सगळ्यात थोर पुरावा एका निवृत्त गुरुजींनी मांडला: पाय सुजतो तो माशांनी नाहीतर दारूनं; श्रावणात मासे बंद, तरी पाय सुजला, म्हणजे मासे नव्हेत, म्हणजे दारूच. ह्या माणसानं आयुष्यभर गणित शिकवलं.

मी गप्प बसणारी नव्हे. रातोरात स्टेन्सिल कापलं. मथळा: अध्यक्ष पीत नाहीत! खाली ठणकावून आठ मुद्दे. सकाळी घरोघर टाकलं. ज्या चार वाड्यांपर्यंत बातमी पोचली नव्हती तिथे ती माझ्या पत्रकानं पोचली. लोक पत्रक हातात घेऊन एकमेकांना विचारू लागले, पीत नाहीत असं छापावं का लागलं? मी अजूनही म्हणते, पत्रक बरोबर होतं. वाचणारे बरोबर नव्हते.

मामांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बाय माझी, आता माझ्यासाठी काही लिहू नको. जगू दे मला."

पण खरी पंचाईत पत्रकानं झाली नव्हती. चिरेखाणीवरचा एक गडी होता. कातळातून चिरा कापून काढणारा, अंगानं चिऱ्यासारखाच. गावातला सगळ्यात पक्का पिणारा. त्याच्या ओटीवर मामा महिनाभर रोज गेले तेव्हा कुठे त्यानं शपथेचा पेला उचलला होता. त्या आठवड्यात मामा लंगडत त्याच्याकडे गेले, तर तो ओटीवरून उठलाच नाही. बायकोनं सरबत आणलं, ते त्यानं बाजूला सारलं.

"तुमी घेताव, तं मी का सोडू? माजं लिव्हर काय सावत्र हाय?"

मामा घरी आले आणि जेवले नाहीत. त्यांना लोक काय म्हणतात ह्याचं एवढं नव्हतं. गावात जेवढ्यांनी सोडली होती ती सगळी त्यांच्या शब्दावर सोडली होती. तो शब्द खोटा ठरला तर दिवेलागणीला प्रत्येकाचा हात पुन्हा रिकामा. भट्टीवाला राईत परत चूल मांडतोय अशी कुणकुण लागलीच होती. आणि समितीतल्या काही जणांनी गणपतीच्या आधी देवळात बैठक बोलावली होती: अध्यक्ष बदलायचा. कुणी म्हणालं, देवाला कौल लावू, पितात की नाही ते देवच सांगेल. मामी उसळून म्हणाल्या, आमच्या देवाला यूरिक ॲसिड कळत असतं तर एसटीचं भाडं कशाला खर्चलं असतं?

मामींनीच मग ठरवलं की पुन्हा कोल्हापूरला जायचं. ह्या खेपेस यंत्राकडे नाही, माणसाकडे. कोल्हापूरच्या वाटेवरच्या पालीतल्या एका ओळखीच्या दुकानदारानं तिथल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. बाई वयानं मोठ्या, आवाज बारीक, नजर चष्म्यावरून. आम्ही तिघं समोर बसलो. मी तोंड उघडायच्या आत मामींनी माझ्या मांडीवर हात ठेवला. म्हणजे गप्प.

बाईंनी कागद बघितले. आणि रोज किती घेता, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्या म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा. पाण्यासकट."

मामा खुलले. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, सगळे सांगतच होते. त्यांनी चहापासून सुरुवात केली. भात, कुळथाची पिठी, श्रावण सोडून मासे, सुकट. संध्याकाळच्या फेरीपाशी आले तेव्हा ताठ बसले. शपथेची पद्धत सांगितली, पेला सांगितला, कोण कोण सुटलं ते घर धरून सांगितलं. बाई लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबलं.

"प्रत्येक घरी एक पेला?"

"कधी दोन," मामी म्हणाल्या. "चिरेखाणवाल्याकडं दोन. तो रडायला लागतो."

"आणि साखर किती असते त्यात?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "पाण्यात साखर नसते हो डॉक्टर. साखरेत पाणी असतं."

बाई हसल्या. चष्मा काढून पुसला. मग जे बोलल्या ते मी घरी येऊन लिहून काढलं, पण ह्या वेळी छापलं नाही. त्या म्हणाल्या, यूरिक ॲसिड हा शरीरातला एक टाकाऊ माल. रक्तातून वाहतो, लघवीवाटे जातो. जास्त तयार झाला किंवा नीट बाहेर पडला नाही की साठतो, आणि सांध्यात काचेच्या कणांसारखा जाऊन बसतो. अंगठा त्याची आवडती जागा. दारूनं तो वाढतो हे खरं. दारूनं लिव्हरवर चरबी चढते हेही खरं. म्हणून त्या डॉक्टरांना शंका आली ती काही वेड्यासारखी नव्हती. पण शंका वेगळी आणि निकाल वेगळा. पोट सुटलेल्या, गोडघाशा माणसांच्यात, ज्यांनी आयुष्यात दारू हुंगली नाही अशांच्यातसुद्धा, ही दोन्ही दुखणी हातात हात घालून येताना त्यांनी पाहिली होती. आधी कोण येतं आणि कोण कुणाला घेऊन येतं, ते अजून नीट कळलेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते फार आवडलं. कळलं नाही असं म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहत होते.

मग पथ्य. सरबत बंद, चहा बिनसाखरेचा, सुकट आणि कोळंबी बेतानं, पाणी भरपूर, वजन हळूहळू उतरवायचं, अंगठा दुखेल तेव्हा गोळी, आणि काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. दारू आधी नव्हती, पुढेही नको.

मामांनी विचारलं, "सरबत कोकमाचं असलं तरी?"

"कोकम बिचारं निर्दोष आहे," बाई म्हणाल्या. "ते बिनसाखरेचं, मीठ घालून प्या हवं तर. पण तुम्ही कोकम पितच नाही. तुम्ही साखर पिताय, तीही गावभरची."

 परतीच्या एसटीत मी आनंदात होते. निर्दोष सुटलो, आता पत्रक, मोठ्या अक्षरांत. मामी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. पालीच्या बाजारात गाडी थांबली तेव्हा मामा म्हणाले, "तुला कळतंय का काय झालंय? उद्या फेरीला गेलो आणि पेला नको म्हटलं, तर लोक काय म्हणतील?"

मला कळलं. माझं पत्रक जागच्या जागी विरघळलं. लोक म्हणतील, बघा, सापडल्यावर बंद केलं, म्हणजे त्या लाल पाण्यात होतंच काहीतरी. पेला घेतला तर लिव्हर जाणार. नाही घेतला तर नाव जाणार.

मामींनी डोळे न उघडता विचारलं, "दोन्हीतलं परत काय मिळतं?"  त्या संध्याकाळी मामा फेरीला गेले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी बैठक होती.

देवळाचा सभामंडप भरला. अध्यक्ष बदलायला गाव येत नाही, पण अध्यक्ष दारुडा आहे का हे बघायला येतं. भट्टीवाल्याचा चुलतभाऊ पहिल्या रांगेत, गळू बांधून. बायका एका बाजूला. मामा खांबाला टेकून, पाय पुढे सोडून बसले, कारण अंगठा मुडपत नव्हता. त्यावरही कुजबूज झाली, देवासमोर पाय सोडून बसलाय.

आरोप झाले. मामांनी कागद दाखवले. कागद इंग्रजीत, त्यामुळे ज्याला जे हवं ते त्यात वाचता आलं. तेवढ्यात चुलतभाऊ उठला. त्यानं आधीच तयारी केली होती. आडोशातून एक पेला काढला, काठोकाठ लाल, आणि मामांसमोर ठेवला.

"घेवा अध्यक्ष. शपथेचं हाय. पीत नसाल तं हेच्यावर हात ठेवा आनि घोट घेवा. मंग आमी मानतो."

 मला वाटलं मामा घेतील. एक पेला, काय होणार होतं? नाव वाचलं असतं. त्यांचा हातसुद्धा पुढे झाला. मामी बायकांच्यातून उठून उभ्या राहिल्या. 

मामांनी हात पेल्यावर ठेवला आणि पेला हळूच मागे सरकवला.

"नको," ते म्हणाले. "मी दारूनं आजारी नाही. मी तुमच्या साखरेनं आजारी आहे. प्रत्येकाच्या ओटीवर बसून मी ती खाल्ली, कारण मला नाही म्हणता आलं नाही. आज म्हणतो."

आणि मग जे झालं ते मी मेले तरी विसरणार नाही. बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, साखर आमच्या घरची नसणार, मी तर मोजून घालते. दुसरी म्हणाली, मोजून कसली घालतेस, तुझ्या बरणीला मुंगळे लागलेले मी बघितलेत. तिसरी म्हणाली, माझं सरबत तर आंबटच असतं, अध्यक्षांना विचारा. ज्या बायका वर्षानुवर्षं आपली बरणी सगळ्यांत गोड म्हणून मिरवत होत्या, त्या त्या दिवशी देवासमोर आपलं सरबत आंबट असल्याच्या आणा घेत होत्या. एकीनं मामांनाच साक्षीला ओढलं. मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, वहिनी, तुमचं सगळ्यांत गोड. ती बाई अर्धी लाजली आणि अर्धी भडकली.

ह्या गोंधळात अध्यक्ष पितात की नाही हा विषय कुठल्या कुठे गेला. चुलतभाऊ हात वर करून मूळ मुद्दा, मूळ मुद्दा म्हणत राहिला. शेवटी चिरेखाणवाला उठला. तो उठला की मंडप थोडा काळोखा व्हायचा.

"मूळ मुद्दा मी सांगतो," तो म्हणाला. "मी बी पारावरचं खरं मानलं. पन हा मानूस पीत असता ना, तं मला पयलं कळलं असतं. मी सोबतीला गेलो नसतो का?"

हसं झालं. गाव हसलं की निम्मा निकाल लागतो. पण निम्माच. तो गडी पुढे आला, मामांसमोरचा पेला त्यानं उचलला, ओतून टाकला, आणि देवळाच्या माठातून पाणी भरून आणलं. एक पेला स्वतःसाठी, एक मामांसाठी. दोघं प्यायले. अध्यक्ष बदलला नाही.

इथे संपवलं असतं तर गोष्ट गोड झाली असती, आणि गोडाचं काय होतं ते आपण पाहिलंय. नंतरचंही ऐका. शपथ आता पाण्याची झाली. पाण्याची शपथ पुष्कळांना मिळमिळीत वाटते. दोघे पुन्हा प्यायला लागले, त्यातल्या एकाला मामांनी परत आणलाय. मामा फेरीला जातात, पण आता भराभर चालत जातात, बाईंनी सांगितलंय म्हणून. पोट उतरलंय. अंगठा बऱ्यापैकी शांत आहे. रक्त पुन्हा तपासलं तेव्हा यूरिक ॲसिड खाली आलं होतं. चरबी अजून आहे, तिला वेळ लागेल असं बाई म्हणतात.

आणि नाव? त्यावरचा डागही अजून पुरता उतरलेला नाही. आता एकोणनव्वद चालू आहे, तरी एसटीत मामांच्या शेजारी कुणी बसलं की आधी हळूच नाक पुढे करतं. मी त्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले होते. कोल्हापूरचे कागद समोर ठेवले आणि म्हटलं, पडद्याआडून बोललात तसंच पडद्याआडून परत घ्या, बाक भरलेला आहे. ते म्हणाले, मी फक्त सल्ला दिला होता. पडदा अजून तोच आहे.

म्हणून हे लिहिते आहे, आणि मामांनी नको म्हटलं असूनही लिहिते आहे. तुम्ही, हे वाचणारे. कुणाच्या लिव्हरला काही झालं हे ऐकून तुम्ही कधी मान हलवत म्हणाला असाल, पीत असणार. म्हणाला आहातच. मग उठा. ज्या बाकावर, ज्या पारावर म्हणालात, त्याच ठिकाणी, तेवढ्याच मोठ्यानं जाऊन सांगा, मला माहीत नव्हतं आणि मी बोललो. आणि येताना घरी आलात की बरणीवर झाकण घाला. संध्याकाळी तुमच्या दारात जो कुणी येईल, त्याला पाणी द्या. माठातलं, गार, नुसतं पाणी. आणि त्यानं आणखी काही नको म्हटलं, तर ऐका.